निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी

वरसेतल्या आमच्या घराच्या पडवीत खिळ्याला कायम केबलचा एखादा तुकडा टांगलेला असायचा. हातभर लांब, काळ्या सालीचा, आतून गच्च भरलेला. बाबा दूरसंचार खात्यात लाइनमन होते. कामावरून येताना सायकलच्या कॅरिअरला असे तुकडे बांधून आणायचे. आई ते उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, कारण आतल्या रंगीत तारांभोवती जेली असते. पाणी शिरू नये म्हणून भरलेली, व्हॅसलीनसारखी चिकट. ती रॉकेलशिवाय निघत नाही, आणि मग हाताला दिवसभर रॉकेलचा वास.

त्या तारांच्या मी अंगठ्या करायचे, वेणीत घालायचे, आणि शाळेत वाटायचे. चौथीत माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या बोटांत बाबांनी आणलेलं तांबं होतं. पण तुकडा फुकट मिळत नसे. आधी रंग म्हणून दाखवायचे. पांढऱ्याबरोबर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मग लालबरोबर तेच पाच. मग काळ्याबरोबर, मग पिवळ्याबरोबर. परवचा म्हणायच्या वेळी आमच्याकडे हे चालायचं. शेजारच्या आजी म्हणायच्या, ही पोर कसली स्तोत्रं म्हणते?

"रंग चुकला तर काय व्हईल?" मी एकदा विचारलं होतं.

"काय व्हनार? रोह्याच्या डॉक्टरचा फोन धाटावच्या गोडावनात वाजंल. लोकं ताप आला म्हनून सांगतील आन तो वॉचमन औषध सांगंल."

रोहा आणि वरसे आता एकमेकांत इतके मिसळलेत की कुठे गाव संपतं आणि कुठे दुसरं लागतं, ते ग्रामपंचायतीच्या पावतीवरूनच कळतं. तेव्हा मध्ये भातशेती होती. फोन मोजक्या घरांत. नंबर लागायची वाट बघत लोक वर्षं काढायचे, आणि ज्या दिवशी खांबावरून घरात तार येई त्या दिवशी लाइनमनला चहा, पोहे, वर नारळ. ०२१९४ हा रोह्याचा कोड मला आमच्या पिनकोडच्या आधी पाठ झाला. बाबांच्या कामाची मला तेव्हा एकच गोष्ट विचित्र वाटायची: जेवताना, बोलताना, कधीही त्यांचा हात दचकायचा. कारण पुढे कळलं. टेलिफोनच्या जोडीवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतात, ते कोरड्या हाताला फारसे जाणवत नाहीत. पण कोणी फोन लावला की घंटी वाजवायला सुमारे ७५ व्होल्टचा एसी त्याच जोडीवरून येतो. पावसात खांबावर चढून ओल्या बोटांत जोडी धरलेली असताना तो आला की माणूस थरकतो. घरात बाबांचा हात दचकला की आई म्हणायची, "बघा, कुनाचा तरी फोन आला."

दहावीला मला बरे मार्क पडले आणि मी डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन घेतलं. साल २०००. बाबांना वाटलं, पोरगी आपलंच काम मोठ्या शाळेत जाऊन शिकणार. मलाही तसंच वाटलं होतं.

कॉलेज पनवेलच्या बाजूला. सकाळी रोहा-दिवा पॅसेंजर. गाडी रोह्याहूनच सुटते म्हणून आम्हाला जागा मिळायची. नागोठणे, कासू, पेण करत डबा भरायचा आणि आपट्यापर्यंत मांडीवर दुसऱ्याची बॅग यायची. याच रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. रुळांच्या कडेनं फायबर ऑप्टिकची केबल गेलेली आहे, हे मला एका सहप्रवासी गँगमननं सांगितलं. कॉलेजात कोणी सांगितलं नाही. कॉलेजात फायबर होती ती एका पांढऱ्या पेटीत.

त्या पेटीबद्दल सांगायलाच हवं, कारण महाराष्ट्रात या शाखेत शिकलेला प्रत्येक जण तिला ओळखतो. फायबर ऑप्टिक ट्रेनर किट. एका टोकाला लाल एलईडी, दुसऱ्या टोकाला डिटेक्टर, मध्ये मीटरभर प्लॅस्टिकची तार. तार म्हणजे एक मिलिमीटर जाड, गाठ मारली तरी फार काही बिघडत नाही अशी. टोकातून निघालेला लाल गोल कागदावर पाडायचा, पट्टीनं त्याचा व्यास मोजायचा, सूत्रात घालून न्यूमरिकल अपर्चर काढायचं. वीस मुलांत एक किट. चौघे मोजायचे, सोळा जण उतरवून घ्यायचे. माझ्या जर्नलमधला आकडा आणि आमच्या दोन वर्षं पुढच्या मुलाच्या जर्नलमधला आकडा दशांशापर्यंत एक होता. सरांनी दोन्हींवर सारखीच सही केली.

सर वाईट नव्हते. फूरिये त्यांनी असा शिकवला की अजून मी तसाच शिकवते. मॅक्स्वेलच्या समीकरणांना घाबरायचं नाही हेही त्यांच्यामुळे. पण त्यांनी स्वतः कधी खांबाला हात लावला नव्हता, आणि ज्यांच्याकडून ते शिकले त्यांनीही नाही. तीन वर्षांत मी मॉड्युलेशनचे सगळे प्रकार शिकले. डीपी, पिलर, एमडीएफ हे बाबांच्या रोजच्या कामातले शब्द तिथे एकदाही ऐकले नाहीत. घरी बाबांना मी पल्स कोड मॉड्युलेशन समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे बोलनं चिरून पाठवायचं आन तिकडं शिवायचं." एवढं नेमकं उत्तर मी परीक्षेत लिहिलं असतं तर शून्य मिळालं असतं.

२००३ ला पास झाले आणि वर्षभर अप्रेंटिस म्हणून लागले. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे, पण पदवी-पदविकावाले त्यात आले १९७३ च्या दुरुस्तीनंतर. ऑफिसचं नाव सांगत नाही. पहिले तीन महिने त्यांनी मला फॉल्ट रजिस्टर लिहायला बसवलं. मुलगी आहे, साइटवर कुठे नेणार, जीपमध्ये कुठे बसवणार, उशीर झाला तर घरी कोण सोडणार. या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती, पण ते मला विचारत नव्हते, आपसांत विचारत होते.

रजिस्टर लिहिणं वाया गेलं नाही, हे आता कळतं. रोज चाळीस-पन्नास तक्रारी. डिस्कनेक्ट, लूप, अर्थ, लो इन्सुलेशन, खरखर. पहिल्या पावसाच्या आठवड्यात लो इन्सुलेशन वाढतं, आठ दिवसांनी अर्थ वाढतो, गणपतीत गावागावांत डिस्कनेक्ट वाढतो, कारण मंडपाचे बांबू. आजार ओळखावा तसं ते कळायला लागलं. पण हात कोरडेच होते.

हात ओले केले जॉइंटर काकांनी. निवृत्तीला आलेले, सफारी घालणारे, बाबांना ओळखणारे. एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "अमक्याची पोर ना तू? रंग म्हन बघू."

मी म्हटले. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पांढरा, लाल, काळा, पिवळा.

"जांभळा ऱ्हायला. मग गुलाबी, आन मग तो पाण्यासारखा. झाल्या बारा. चल जीपमधे."

आजही या गोष्टीची मला गंमत वाटते. तांब्याच्या जोड्यांसाठी ज्या क्रमानं रंग ठरले होते, त्याच क्रमानं फायबरचे रंग आहेत. तांब्यात दोन रंगांची सांगड घालून जोडी ओळखायची. फायबरमध्ये तेच रंग एका ओळीत उभे केले आणि शेवटी गुलाबी व फिका निळा जोडला. म्हणजे पडवीत म्हटलेला परवचा मला काचेलाही उपयोगी पडला. बाबांनी आयुष्यात फायबर जोडली नाही, पण शिकवली होती.

काचेची खरी फायबर त्या पांढऱ्या पेटीतल्या प्लॅस्टिकसारखी नसते. वरचं रंगीत आवरण २५० मायक्रॉनचं. ते काढलं की १२५ मायक्रॉनची काच, आणि तिच्या आत प्रकाश जातो तो गाभा नऊ-दहा मायक्रॉनचा. केसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. असे दोन गाभे समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीनं वितळवून एक करायचे. मशीन करतं ते. त्याच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं जवळ येताना दिसतात आणि क्षणभर उजेड होतो. पण मशीनच्या हाती द्यायच्या आधीचं सगळं माणसाचं. स्ट्रिपरनं आवरण एका ओढीत काढायचं. स्पिरिटनं पुसायचं, किर्रर्र असा बारीक आवाज येईपर्यंत. क्लीव्हरमध्ये ठेवून टक् करून तोडायचं, तेही सरळ काटकोनात. तिरकं गेलं की मशीन नाकारतं. आणि निघालेला तुकडा चिकटपट्टीवर. तो दिसत नाही, बोटात शिरला तर सापडत नाही. काकांचे दोन नियम होते: जॉइंटच्या जागी बसून खायचं नाही, आणि घरी गेल्यावर लहान पोराला उचलायच्या आधी शर्ट बदलायचा.

पहिल्या दिवशी मी अकरा फायबर मोडल्या. बारावी लागली. पडद्यावर आकडा आला ०.०२ डेसिबल. काका म्हणाले, "आता जेवा."

पण मी या धंद्यात अडकले ती त्या दिवशी नाही. त्यानंतर दीडेक महिन्यानं, कोलाडच्या दिशेनं गेलेली एक केबल तुटली त्या दिवशी.

पाऊस होता. ओटीडीआर लावला. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तुटलेल्या जागेवरून त्याचा पडसाद किती वेळानं आला यावरून अंतर सांगतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पडद्यावर ११.६४० किलोमीटर आलं. म्हणजे प्रकाश तिथे जाऊन ११४ मायक्रोसेकंदांत परत आला होता. हे गणित मी परीक्षेत चार मार्कांना सोडवलं होतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी येतंय असं वाटलं. मीच रूट डायग्राम उघडला, मीच बोट ठेवलं. जीप निघाली. मोजत मोजत नेमक्या ११.६४० वर आलो. तिथे एक मोरी होती. मजुरांनी पाण्यात उभं राहून खणलं. केबल सापडली. धडधाकट, एक ओरखडा नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका छत्रीखाली विडी पेटवत होते. त्यांनी मला एकच विचारलं, "मधे जॉइंट किती?"

दोन किलोमीटरचं एक ड्रम, म्हणजे पाच.

"परत्येक जॉइंटच्या खड्ड्यात केबल गुंडाळून ठेवलेली. दोन्ही अंगाला धा-धा मीटर. किती झाले?"

शंभर.

"एक्स्चेंजच्या आत धर पंचवीस. आन फायबर ट्यूबमधे सरळ नसते, नागासारखी वळत जाते. शेकड्याला एक मीटर जास्ती. उजेड त्या वळनातनं जातो. आपन रस्त्यानं आलो."

शंभर, पंचवीस, आणि वर शंभरावर पंधरा-सोळा. सुमारे अडीचशे मीटर मागे. मी चालत गेले. रस्त्याच्या कडेला नवं कुंपण घातलं होतं, आणि सिमेंटचा एक खांब जरा जास्तच खोल रोवला होता. त्याच्या बुडाशी आमची केबल.

ट्यूब आणि खड्डे मोजायला काका कुठे शिकले, असं मी जीपमध्ये विचारलं. म्हणाले, "माजं शिक्षन सातवी. पन तीनदा मोरी खनली हाय."

पुढे डिग्री केली आणि २००७ ला एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले. पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं तर आत तीच पांढरी पेटी. नवीन कंपनीची, पण लाल एलईडी आणि मीटरभर प्लॅस्टिक तेच.

स्प्लायसिंग मशीन मागितलं. किंमत लाखांत. उत्तर आलं, अभ्यासक्रमात नाही. तेही खरं होतं. प्राचार्यांचं कुठे चुकत होतं असं मला वाटत नाही. तपासणीला येणारी मंडळी यादीतल्या पेट्या मोजतात, आणि यादीत हे नव्हतं. मी एका ठेकेदाराकडून भंगारातली केबल आणली, त्याच्याकडचा जुना क्लीव्हर मागून घेतला, ब्लेड बोथट झालेला. त्याच्यावर मुलं फायबर सोलायला आणि तोडायला शिकली. जोडणं नाही, नुसतं तोडणं. टोक सरळ आलं की नाही ते बघायला शेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयाची जीवशास्त्राची सूक्ष्मदर्शकं. त्यांच्या मॅडम म्हणायच्या, बेडकापेक्षा हे बरं.

त्या मुलांत हमरापूर-जोह्याच्या बाजूची एक मुलगी होती. वर्गात कधी तोंड उघडायची नाही, सर्किट थिअरीत दोनदा नापास. तिनं पहिल्या दिवशी पंधरा टोकं केली आणि पंधराही सरळ. मी विचारलं तर खाली बघत म्हणाली, "मॅडम, आमचा गणपतीचा कारखाना आहे. मी आखणी करते." पेणच्या मूर्तींचे डोळे ज्या हातांनी उघडतात त्यांतला एक हात तो. कुंचला टेकवताना श्वास कसा धरायचा, कोपर कुठे टेकवायचं, हे तिला सातवीपासून येत होतं. बाकीच्या मुलांना मी तिच्या शेजारी बसवलं आणि गप्प राहिले.

ती टेलिकॉममध्ये गेली नाही. आमची बहुतेक मुलं जात नाहीत, हेही इथेच सांगितलेलं बरं. धाटावच्या एमआयडीसीत केमिकल कारखाने आहेत, तिथे इन्स्ट्रुमेंटेशनला आमची मुलं चालतात. चार ते वीस मिलिअँपचा लूप समजला की नोकरी. घरी जेवायला येता येतं. टॉवरच्या आणि फायबरच्या नोकऱ्या ठेकेदाराच्या हाताखालच्या. सुरुवातीला दहा-बारा हजार, मोटरसायकल स्वतःची, पेट्रोलचे वाद, आणि रात्री दोनला फोन. हुशार मुलं लोणेऱ्याला किंवा मुंबईला डिग्रीला जातात आणि पुढे सॉफ्टवेअरला. देशातल्या प्रत्येक खिशात फोन आहे, आणि तो चालू ठेवणारं काम आपल्या मुलानं करावं असं कुठल्याच आईबापाला वाटत नाही. मी त्यांना दोष देत नाही. माझी मुलगी कॉम्प्युटरला आहे.

२०१७ ला तंत्रशिक्षण मंडळाची नवी 'आय' स्कीम आली. त्यात प्रत्येक विषयाला मायक्रोप्रोजेक्ट, आणि चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण. कागदावर फार चांगलं. प्रत्यक्षात मायक्रोप्रोजेक्ट म्हणजे पहिली दोन वर्षं थर्माकोलचे टॉवर. इतके टॉवर जमले की स्टाफरूममध्ये कपाटावर आमचं एक नेटवर्क उभं राहिलं. सहा आठवड्यांना जागा मिळेना तेव्हा काही मुलांनी मोबाइलच्या दुकानातून सर्टिफिकेट आणलं. मी त्यांवर सह्या केल्या. माझ्या सरांनी केल्या तशाच.

मग एकदा सुचलं. ओटीडीआर नसेना का, तांबं आहे ना. बाबांना सांगून जुन्या केबलची एक लांबी मिळवली, अर्धा मिलिमीटर तारेची. अशा जोडीचा लूप मोजला तर किलोमीटरला १६८ ओहम भरतो. म्हणजे साध्या मल्टिमीटरनंही अंतर काढता येतं. ती केबल मी कॉलेजच्या कंपाउंडच्या कडेनं, झाडाझुडपांतून, छतावरून फिरवली. एका ठिकाणी जोडी आपसांत टेकवून फॉल्ट केला. आणि पाण्याच्या टाकीमागे, कोणाला न सांगता, बावीस मीटरचं वेटोळं ठेवलं.

बाबांना त्या दिवशी रजा टाकून बोलावलं होतं. ते मोगऱ्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले. मुलांनी मोजलं, ३७ ओहम. भागाकार केला, २२० मीटर. टेप घेऊन निघाली. २२० मीटरवर सायकल स्टँड. तिथे केबल उघडून बघितली, काही नाही. पुन्हा मोजलं. मीटर बदललं. एकानं तापमानामुळे रोध वाढतो हे आठवून दुरुस्ती केली, दोन मीटरचा फरक पडला. भांडणं झाली. एक जण म्हणाला, मॅडमनी फॉल्ट केलाच नाही. बाबांना इतकं हसू येत होतं की त्यांनी टोपी तोंडावर घेतली.

दीड तासानं एक मुलगा, रोह्याचाच, टेप टाकून नुसता केबलला हात लावत उलटा चालत निघाला. टाकीपाशी थांबला. मागे वाकला. तिथूनच ओरडला, "मॅडम, इकडं गुंडाळलीय!"

मार्क किती द्यायचे त्याचा तक्ता माझ्याकडे नव्हता.

बाबा ३१ जानेवारी २०२० ला घरी बसले. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली होती. देशभरातून ७८ हजारांहून अधिक लोक एका दिवशी बाहेर पडले. रोह्याच्या ऑफिसात समारंभाला हार कमी पडले, कारण देणाऱ्यांपेक्षा घेणारे जास्त. बाबांनी बट टेलिफोन, ती कमरेला लटकवायची टेस्टिंगची डबी, जमा केली आणि रिकाम्या हातानं घरी आले. पुढचे काही दिवस कमरेशी उजवा हात नेऊन चाचपायचे.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. माझे तास मोबाइलवर सुरू झाले. सुतारवाडीकडच्या, तळ्याकडच्या मुलांना रेंज यायची नाही. ती टेकडीवर जाऊन बसायची. वायरलेस कम्युनिकेशन हा विषय होता.

३ जून, बुधवार. निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूनं वर आलं. आमच्याकडे सकाळी अकरापासून वाऱ्याचा आवाज बदलला. दुपारी शेजारचे पत्रे आमच्या अंगणात, आमची कौलं कुठे गेली ते अजून माहीत नाही. मागचा फणस मुळासकट आडवा. लाइट दुपारीच गेले. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास टिकतात, मग जनरेटर, मग डिझेल. रस्त्यांवर झाडं, डिझेल येणार कुठून? रात्रीपर्यंत सगळे फोन मेले. जिल्ह्यात विजेचे हजारो खांब पडले होते, आणि नव्या काळात फायबर त्याच खांबांवरून, झाडांवरून नेलेली. जमिनीत पुरायला कोणाला सवड होती?

पाचव्या दिवशी एक मोटरसायकल अंगणात आली. तोंडाला मास्क, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. टाकीमागचं वेटोळं सापडलेला मुलगा. तो आमच्या त्या थोड्या मुलांपैकी, जी याच धंद्यात राहिली. आता एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. फोन लागत नाही म्हणून प्रत्यक्ष आला होता.

"मॅडम, बाबा आहेत का?"

मी नाही. बाबा.

जमिनीतली जुनी केबल कुठून कुठे गेलीय, कुठल्या खड्ड्यात मोकळी फायबर आहे, हे कागदावर कुठेच धड नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते जानेवारीत घरी गेले होते. बाबांनी चप्पल घातली. आईनं विचारलं, पगार कोण देणार? कोणी उत्तर दिलं नाही. मला त्यानं जाताजाता सांगितलं, "तुम्हीपण या ना. मशीन दोन आहेत, माणूस एकच आहे."

पुढचे आठ दिवस मी टेम्पोत ताडपत्रीखाली बसून फायबर जोडल्या. चोवीस फायबरची केबल, बारा-बाराच्या दोन ट्यूब. बाहेर पाऊस, आत जनरेटरचा धूर, मास्कमुळे चष्म्यावर वाफ. शेवटी मास्क काढला, करोना विसरले. बाबा पुढे कोयता घेऊन झुडपं तोडत, पायानं जमीन चाचपत चालायचे. त्यांना आकडे आठवत नव्हते, जागा आठवत होत्या. "इथं पयला आंबा होता." आंबा नसायचा, पण केबल असायची.

दोन ठिकाणी ते चुकले. एका ठिकाणी रस्ता रुंद करताना सगळंच सरकलं होतं. तिथे अर्धा दिवस गेला आणि ते संध्याकाळी जेवले नाहीत.

एका गावात लिंक चालू झाली ती रात्री साडेनऊला. टॉवर उठला आणि टेम्पोत बसलेल्या आम्हा चौघांचे फोन एकदम वाजायला लागले, आठ दिवसांचे साठलेले मेसेज. माझ्या फोनवर पहिला आला तो कॉलेजचा: ऑनलाइन प्रात्यक्षिकांचे मार्क आजपर्यंत भरावेत.

परवाच्या गणपतीआधी आमच्या घरी फायबरचं कनेक्शन घेतलं. बसवायला आलेला मुलगा ओळखीचा नव्हता. कुठल्या कॉलेजचा विचारलं तर म्हणाला, कॉलेज नाही, बारावीनंतर दोन महिन्यांचा कोर्स केला. हात चांगला होता त्याचा. स्ट्रिपर एका ओढीत. बाबा खुर्ची ओढून त्याच्या इतके जवळ बसले की त्याला कोपर हलवता येईना. खांबावरून आलेली बारीक काळी केबल त्यानं सोलली, आतून एकच फायबर निघाली. निळी.

बाबांनी ती बोटावर घेतली, उजेडाकडे धरली. "आन नारिंगी?"

"नारिंगी शेजारच्यांकडं गेली, आजोबा," तो म्हणाला. "डबीत आठ आहेत. हिरवी अजून कोणी घेतली नाही."

बाबा उठून पडवीत गेले आणि खांबावरच्या डबीकडे बघत उभे राहिले.